कुठाय साहेब

हिंडलग्याला असते म्हटलं, की बेळगावात हमखास एकच प्रश्न यायचा, "किती वर्षांची झालीय?" हिंडलगा म्हणजे तुरुंग, हे आमच्या भागात लहान पोरालाही ठाऊक. मग सांगावं लागे, की बाबांनो, तुरुंगात नाही, त्याच्या पलीकडं सरकारी शेती संशोधन केंद्र आहे, तिथं नोकरीला. "तिथं काय करता?" "मी कॉम्प्युटर आहे." यावर आज लोक हसतात. सत्तर-ऐंशीच्या त्या काळात मात्र कुणी हसायचं नाही, कारण ते यंत्र आमच्याकडं कुणी पाहिलंच नव्हतं. कॉम्प्युटर हे माझ्या पदाचं नाव होतं. दांडा फिरवायच्या गणिताच्या यंत्रापुढं बसून बेरजा आणि सरासऱ्या काढणारी बाई म्हणजे कॉम्प्युटर. निपाणीला आई तंबाखूच्या वखारीत खोकत काम करायची. तिला पदाचं नाव सांगितलं, तर म्हणाली, "काय का असंना. बसून हाय न्हवं काम?"

त्या केंद्रावरच्या आमच्या साहेबांचं नाव मी सांगणार नाही. तसंही ते कुणी वापरत नव्हतं. मराठी माणसं त्यांना 'कुठाय साहेब' म्हणायची आणि बसप्पा शिपाई 'एल्लिदे साहेब' म्हणायचा. कन्नडमध्ये एल्लिदे म्हणजे कुठाय. दोन्ही भाषांची माणसं एका गोष्टीवर एकमत झालेली मी आयुष्यात तेवढीच पाहिली.

सकाळी सायकल भिंतीला टेकवायच्या आधीच प्रश्न सुरू व्हायचा.

"बसप्पा, काल मोजलेला पाऊस कुठाय?"

"हाय की साहेब."

"हाय म्हंजे? देवबी हाय म्हणत्यात. कुठं हाय ते सांग."

बसप्पा चार कपाटं उघडायचा, धूळ खायचा आणि शेवटी पावसाचा कागद चहाच्या किटलीखालून काढून द्यायचा. साहेब तो झटकून म्हणायचे, "सापडत न्हाय ते नसल्यात जमा, बसप्पा. पाऊस पडला, तू मोजलास, पर कागद गावला न्हाय, तर पाऊस पडलाच न्हाय." बसप्पा मान डोलवायचा. बाहेर येऊन मला म्हणायचा, "पडलाच न्हाय म्हणं. माजं धोतार अजून वल्लं हाय बाई."

साहेब बेळगावला लागूनच्या अनगोळचे. शेतकऱ्याच्या घरातले, शिकून मोठे अधिकारी झालेले, आणि त्याचा त्यांना गर्वही होता. उगाच कशाला लपवू, माणूस गरीब गाय नव्हता. चिडका होता, हेकट होता. दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायचा. माझ्या बेरजेत चूक निघाली तर "कॉम्प्युटरबाई, यंत्राला तेल घाला, न्हायतर डोक्याला घाला," असं चारचौघांत म्हणायचा. पण 'हरवलं' हा शब्द त्यांच्यासमोर चालत नसे. काहीही हरवलं, तर "अजून सापडलं न्हाय" असं म्हणायचं, अशी केंद्रात शिस्तच होती. बसप्पाचा थोरला भाऊ घर सोडून गोव्याकडं निघून गेला, तेव्हाही साहेबांनी त्याला सांगितलं, "गेला न्हाय रं. अजून सापडला न्हाय." त्या दिवशी बसप्पा त्यांच्यावर हसला नाही.

हे वेड त्यांना कुठून लागलं, ते त्यांनीच एकदा सांगितलं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांना जांबोटीच्या डोंगरात पाठवलं होतं. तिथल्या तांबड्या जमिनीत चुना घातला तर भात सुधारतं का, हे बघायचं होतं. पावसात, जळवांत, एसटीची वाट बघत त्यांनी तीन हंगाम काढले. अहवाल लिहिला. तो ठेवायला कपाट उघडलं, तर तळाशी इंग्रजाच्या राज्यातला एक अहवाल होता. तीच जमीन, तोच चुना, तोच निष्कर्ष.

"म्हंजे बघा," ते म्हणाले, "मी जी तीन वर्सं घालवली, ती माझ्या टेबलामागच्याच कपाटात व्हती. कुणी सांगितलं न्हाय, कारण कुणाला ठावंच न्हवतं. सरकार परत परत तीच हीर खणतंय बाई. पाणी लागलेली हीर बुजवायची, अन् शेजारी नवी खणायची."

तेव्हापासून त्यांनी कार्डं करायला घेतली. आसपासच्या सगळ्या उपकेंद्रांत आजवर जे जे पेरलं, फवारलं, मोजलं, त्या प्रत्येक प्रयोगाचं एक कार्ड. काय केलं, कुठं केलं, काय निघालं आणि मूळ नोंद कुठल्या कपाटात आहे. सरकारनं कार्डांना पैसे दिले नाहीत. मग साहेबांनी लग्नपत्रिका गोळा करायला सुरुवात केली. जाड कागद, मागची बाजू कोरी. लग्नसराईत ते ओळख नसलेल्या मांडवातही जाऊन यायचे आणि अक्षता टाकल्या की उरलेल्या पत्रिका मागून आणायचे. त्यामुळं आमच्याकडं भाताच्या करपा रोगाच्या पाठीवर गणपती असायचा आणि जोंधळ्याच्या कणसाच्या पाठीवर बसवेश्वर. एखादं कार्ड उलटं केलं की कुणीतरी चिरंजीव आणि कुणीतरी चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी आपल्याला अगत्याचं निमंत्रण देत असत.

आणि प्रत्येक गोष्टीला एक कार्ड करून ते थांबत नसत. भाताचं कार्ड 'भात'मध्ये, 'भत्त'मध्ये आणि 'पॅडी'मध्ये. नाचणीचं नाचणीत आणि रागीतसुद्धा. गावातली माणसं एखाद्या बियाण्याला काही भलतंच नाव ठेवत असतील, तर त्या नावाचंही एक. मी एकदा वैतागून म्हटलं, "साहेब, एकच नाव पुरे की. ज्याला पाहिजे तो बघेल."

"शोधणाऱ्याला नाव ठावं नसतंय बाई," ते म्हणाले. "तो घरातनं जे नाव घेऊन येतो, त्या नावानं त्याला गावलं पायजे. त्याला आमचं नाव पाठ करायला लावायचं, ह्याला सरकारी काम म्हणत्यात. मला ते करायचं न्हाय."

अनगोळच्या घरीही हाच कारभार. स्वैपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मीठ, उप्पु, सॉल्ट. साखर, सक्करी, शुगर. त्यांच्या पत्नीला आम्ही आक्का म्हणायचो. आक्का मला म्हणायच्या, "डबं समदं गावत्यात गं. जेवायच्या वक्ताला माणूस तेवडा गावत न्हाय."

या कार्डांवरून त्यांनी दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. सीमेचं भांडण तेव्हा रोजच्या भाकरीसारखं होतं. मराठीत कार्डं का लिहिता, म्हणून वरून विचारणा आली. कन्नडात का लिहिता, म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्यांच्या सायकलीची हवा सोडली. साहेब हवा भरत म्हणाले, "दोगांनीबी एकडाव येऊन कार्ड बघावं, एवडीच इच्छा हाय. पर बघाय कोणच येत न्हाय."

ते खरं होतं. वर्षामागून वर्षं गेली, कार्डांची कपाटं भरली, आणि बघायला कुणी आलं नाही. मोठे अधिकारी तपासणीला यायचे, पेरूच्या बागेत फोटो काढायचे, जेवायचे आणि जायचे. साहेब कपाटाची किल्ली हातात धरून दारात उभे राहायचे. मला त्यांची तेव्हा फार कीव यायची, आणि त्यांना ती कळेल म्हणून मी यंत्राचा दांडा जोरात फिरवायची.

मग एक आला.

बेंगळूरचा तरुण अधिकारी, नुकताच लागलेला. त्याला जांबोटी भागातल्या भाताबद्दल माहिती पाहिजे होती. साहेबांनी त्याला कपाटापुढं बसवलं. तो भला पोरगा दोन दिवस बसला. पत्रिका उलटसुलट करून बघत हसला, लिहून घेतलं आणि जाताना साहेबांच्या पाया पडला. "सर, असं काम मी कुठंच पाहिलं नाही," म्हणाला. साहेब त्या दिवशी माझी एकही चूक न काढता घरी गेले.

पुढं काही महिन्यांनी, उन्हाळ्यात, वरून एक परिपत्रक आलं. जांबोटीच्या भागात एक बुटक्या जातीचं भात लावायचं ठरलं होतं. शेतकऱ्यांनी आपलं जुनं बी आणून द्यायचं आणि बदल्यात तेवढंच नवं बी न्यायचं. आणि त्याखाली आधार म्हणून आमच्या केंद्राच्या कार्डाचा उल्लेख होता. या जातीचा प्रयोग जांबोटीत पूर्वी झालेला आहे, गुंठ्याला आठ पायली उतारा मिळालेला आहे.

साहेबांनी बसप्पाला गावात पिटाळून खव्याचा कुंदा मागवला. सगळ्या केंद्राला वाटला. मला दोनदा दिला. "बघितलंत? सापडलं तर वापरत्यात. माणूस वाईट नसतोय बाई, त्याला गावत नसतंय." मग स्वतःच्या तळहातावर कुंदा घेऊन ते परिपत्रक पुन्हा वाचायला लागले आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"आठ?" ते म्हणाले. "जांबोटीत आठ कुठलं? त्या मळणीला मी सोता हुबा व्हतो. भात आणायला गाडी न्हेल्ती, ती निम्मी मोकळी आलती."

त्यांनी कार्ड काढलं. कार्डावर आठ. कपाटातली नोंदवही काढली. तिच्यातही आठ. पण ती नोंदवही मूळ नव्हती, नक्कल होती. आणि इथं आमच्या भागाचं सगळं दुखणं आलं.

राज्यं वेगळी झाली तेव्हा मूळ नोंदवह्या पलीकडच्या राज्याच्या म्हणून कोल्हापूरच्या एका ऑफिसात गेल्या. त्या जाण्याआधी नकला करून घ्या, हा हट्ट तरुणपणी साहेबांनीच धरला होता. जांबोटीच्या उपकेंद्रावर नोंदी लिहायचं काम गावातल्याच एका निरीक्षकाकडं होतं. त्यांना तुकाअण्णा म्हणत. अण्णांची सवय अशी, की तपासणीचे अधिकारी समोर असले की इंग्रजी आकडे आणि ते गेले की मराठी. एकाच ओळीत अर्धे असे, अर्धे तसे. नकला करायला बसला तो कारकून आला होता म्हैसूरकडून. सज्जन माणूस, अक्षर मोत्यासारखं. त्याला कन्नड आकडे येत, इंग्रजी येत. मराठी आकडे त्यानं आयुष्यात पाहिले नव्हते. आणि मराठी चाराची वरची तोंडं लिहिताना जरा मिटली, की तो इंग्रजी आठ होतो.

ट्रक दारात उभा होता, पडताळून बघायला वेळ नव्हता. तरी प्रत्येक पानाखाली 'तपासले' असा शेरा होता आणि त्याखाली सही होती. साहेबांचीच.

"इतकी वर्सं हे कुणाला गावत न्हवतं, तवा कुणाचं काय बिघडलं न्हवतं," साहेब म्हणाले. "मी गावंल असं केलं. अन् गावलं काय, तर हे." तळहातावरचा कुंदा त्यांनी परिपत्रकावरच ठेवला. तो डाग पुढं कायम राहिला.

दुसऱ्याच दिवशी आम्ही कोल्हापूरच्या गाडीत बसलो. मला वाटेत निपाणीला घरी उतरायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघून मी उतरले नाही. त्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनं आमचं स्वागत चांगलं केलं. चहा मागवला. आम्ही बेळगावचे म्हटल्यावर त्याचे डोळे भरून आले. मग साहेबांनी नोंदवहीचं काढलं.

"असंल की," तो म्हणाला. "त्या मागच्या खोलीत जुनं समदं हाय."

"मग बघू द्या. एकच पान बघायचं हाय. एक आकडा."

"तसं न्हाय जमणार साहेब. तुमच्या सरकारनं आमच्या सरकारला लिवलं पायजे. बेंगळूरवरनं मुंबईला, मुंबईवरनं आमाला. तुमी कर्नाटकचं."

"मी अनगोळचा हाय!" साहेब ओरडले.

"व्हय की. अनगोळ आमचंच हाय, साहेब. बेळगावबी आमचंच. त्यापायी आमी लाठ्या खाल्ल्यात." त्यानं साहेबांचा हात हातात घेतला. "पर तुमी कर्नाटकचं."

खोलीचं दार आम्हाला दिसत होतं. कुलूपसुद्धा लावलेलं नव्हतं, नुसती कडी होती. साहेबांनी चहा तसाच ठेवला आणि तिथंच बसून अर्ज लिहिला. येताना राज्याच्या हद्दीवरच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "ह्यो बांबू वर-खाली करतो न्हवं ह्यो शिपाई, त्याला इचारा, आकडा कुठल्या राज्याचा असतोय."

मग जांबोटी. एसटी सकाळची गेलेली, संध्याकाळची भरवशाची नाही, म्हणून आम्ही मिळेल त्या ट्रकनं गेलो आणि पुढं पायवाट धरली. तुकाअण्णा वारून बरीच वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा, त्याला सगळे आप्पा म्हणत, अंगणात वैरण रचत होता. साहेबांनी त्याला अण्णांच्या हातचं काही लिहिलेलं आहे का विचारलं. आप्पा म्हणाला, कागद कुठला, सगळं वाळवीनं खाल्लं. मग आठवल्यासारखं करून आत गेला आणि बियाण्याची फणसाच्या लाकडाची पेटी उचलून घेऊन आला. पेटीवर डांबरानं एक आकडा काढलेला होता. मी बघितला आणि म्हटलं, "आठ."

आप्पा हसला. "आठ कुठलं बाई? चार. चार पायल्या मावत्यात हिच्यात. आठ कशा मावतील? आमचं अण्णा चार असाच काडायचं, वरनं तोंड मिटून. शाळंतबी मार खाल्लाय म्हणं त्यापायी."

साहेबांनी त्या आकड्यावरून बोट फिरवलं. इतके दिवस त्यांच्या मनात कुठंतरी होतं, की आपलीच आठवण चुकत असेल. आता ती वाट बंद झाली. त्यांनी आप्पाला सगळं समजावलं. ते बुटकं भात इथं येणार नाही, पाण्यात बुडेल, करपा पडेल, गुरांना वैरणही व्हायची नाही. तुमचं जुनं उंच भातच लावा.

आप्पानं पेटीचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

"बी कवाच दिलं साहेब, बदलून घेतलं. समद्या गावानं दिलं. बी वाटणाऱ्या सायबानं कागद वाचून दाकवला, की तुमच्याच डोंगरात आठ पायली निघाल्यात. आमच्या अण्णानंच लिवलंय म्हणाला. मग न्हाय कसं म्हणायचं?"

पेटी मागितली, तर आप्पानं लगेच दिली. "न्या की. मोकळीच हाय."

ती पेटी घेऊन साहेब मोठ्या ऑफिसातल्या बैठकीला गेले. आकडे वाचायला म्हणून मला बरोबर घेतलं होतं. लांब टेबल, काचेचे पेले, आणि मध्ये ती डांबर फासलेली पेटी. साहेबांनी पिशवीतून पायलीचं माप काढलं आणि सगळ्यांसमोर वाळू मोजून पेटीत ओतली. चार पायल्यांत पेटी भरली. पाचवी टेबलावर सांडली. "बगा," ते म्हणाले, "वर आठ दिसतोय. हाय चार. माझं कार्ड चुकलंय. बी वाटप थांबवा, जुनं बी परत द्या. रोपांचा तरवा टाकायला अजून सवड हाय."

कुणीतरी तोंडावर हात धरून हसलं. तो बेंगळूरचा पोरगा मात्र पांढराफटक पडला होता. तो उठून म्हणाला, की सर सांगतात तर निदान चौकशी करावी. मुख्य साहेबांनी त्याला हातानंच बसवलं. मग नकलेची नोंदवही पुढं ओढली, आणि शांतपणे विचारलं, "सही यारदु?" सही कुणाची?

"नंदु," साहेब म्हणाले. माझीच.

"मग तपासलं म्हणून सही तुमचीच, आणि चुकलं म्हणून सांगणारेही तुम्हीच. कुठलं खरं धरायचं? मूळ नोंदवही आणा." आणि नोंदवही मिटत, चांगुलपणानंच म्हणाले, "पेटी फायलीला लावता येत नाही हो."

मूळ नोंदवहीसाठीचा अर्ज तेव्हा बेंगळूरला पोचला होता की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

पाऊस जांबोटीत पडतो तसाच पडला. बुटकं भात पाण्याखाली उभं राहिलं, जे वर आलं त्यावर करपा पडला. सुगीला लोंब्या हातात घेऊन चोळल्या तर नुसतं पोचट. चार पायली तरी अण्णांच्या काळात निघाल्या होत्या, तेवढ्याही निघाल्या नाहीत. तिकडं वर कुणाला काही झालं नाही. त्या तरुण अधिकाऱ्याची बदली झाली, एवढंच. जाताना तो मला भेटला. म्हणाला, "म्याडम, एक शिकलो. जुनं बघायला जायचं नाही. आपला आपण नवा प्रयोग करावा, ते बरं." हे मी साहेबांना कधी सांगितलं नाही. सांगायची माझी छातीच झाली नाही.

त्या हिवाळ्यात आप्पा केंद्रावर आला. पेटी न्यायला आलतो म्हणाला. भांडायला आला असता तर बरं झालं असतं. तो पायरीवर बसला, पाणी प्याला, आणि पेटी पुढ्यात ओढून घेऊन साध्या आवाजात विचारलं,

"आमचं जुनं बी कुठाय, साहेब?"

आयुष्यभर दुसऱ्याला विचारलेला प्रश्न साहेबांना त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी विचारला होता. ते माझ्याकडं बघायला लागले. मग बसप्पाकडं. भिंतीला ती सगळी कपाटं उभी होती, त्यांत भात होतं, भत्त होतं, पॅडी होतं, चुना होता, करपा होता. ते बी कुठल्याच कार्डावर नव्हतं. शेवटी बसप्पाच हळूच म्हणाला, "गिरनीला ग्येलं रं आप्पा. तवाच ग्येलं. तांदूळ झालं."

आप्पानं मान हलवली आणि पेटी डोक्यावर घेऊन स्टँडच्या दिशेनं निघून गेला. साहेब त्याच्यामागं फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. मला रडू आलं. कुणाचा राग करावा तेच कळत नव्हतं. अण्णांचा? म्हैसूरच्या कारकुनाचा? त्यांतला प्रत्येकजण आपापल्या ठिकाणी चांगलाच होता, आणि माझा जीव त्यामुळंच जास्त जळत होता.

निवृत्तीला थोडा काळ उरला होता तेव्हा साहेबांनी लाल शाई आणवली. "आठ दिसला की घ्या," मला म्हणाले. आठ म्हणजे कदाचित चार. नऊ म्हणजे कदाचित एक, कारण मराठी एक इंग्रजी नवासारखा. एकेक पत्रिका काढायची आणि त्यावर लाल अक्षरांत लिहायचं, 'मूळ पाहा'. मराठीत, कन्नडात, इंग्रजीत. मी म्हटलं, "साहेब, सगळेच आठ काही चुकलेले नसतील."

"नसतील. पर कुठलं, ते तुमाला ठावं हाय?"

मला ठाऊक नव्हतं. आम्ही लिहीत गेलो. ज्या माणसानं सगळं सापडावं म्हणून जन्म घालवला, तो आता ज्याला त्याला नाक्याच्या बांबूपलीकडच्या, कडी लावलेल्या खोलीकडं पाठवत होता. काम संपलं तेव्हा कपाट उघडलं की लालच लाल दिसायचं. निरोपसमारंभात त्यांना शाल दिली, नारळ दिला. भाषण करा म्हटलं, तर ते उठले, "माझी सायकल—" एवढं म्हणाले, आणि पुढचा शब्द न उच्चारता खाली बसले. बसप्पा धावत जाऊन सायकल घेऊन आला.

त्यानंतर वर्षभरानं की दीड वर्षानं ते उत्तर आलं. बेंगळूरहून मुंबई, मुंबईहून कोल्हापूर, आणि त्याच वाटेनं उलटं. पाकिटावर शिक्क्यांना जागा उरली नव्हती. नव्या साहेबांना मराठी येत नव्हतं, त्यांनी ते माझ्याकडं टाकलं. लिहिलं होतं, की विषयांकित नोंदवही सकृद्दर्शनी आढळून येत नाही. सदर नोंदवही नेमकी कुठे आहे याचा तपशील आपल्या कार्यालयाने कळवावा, म्हणजे शोध घेणे सोयीचे होईल.

ते घेऊन मी अनगोळला गेले. साहेब सोप्यात खुर्चीवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं, "या कॉम्प्युटरबाई" म्हणाले. तब्येत बरी दिसत होती. आक्कांनी मला आत बोलावलं. स्वैपाकघरातले डबे ओळीनं होते तसेच होते, पण चिठ्ठ्या एकाही डब्यावर नव्हत्या. नुसत्या खळीच्या खुणा राहिल्या होत्या.

"त्येंनीच काडल्या," आक्का हळू आवाजात म्हणाल्या. "परवा च्यात मीठ पडलं माज्या हातनं. गुमान प्याले. चष्मा गावला न्हाय तर दिसभर तसंच बसत्यात. कुठाय म्हणून इचारत न्हाईत गं. पयल्यांदा वाटलं, बरं झालं, सुटले बाई. आता ऱ्हाववत न्हाय. एकडाव तरी इचारावं."

मी बाहेर येऊन पत्र त्यांच्या हातात दिलं. वाटलं होतं, आता तरी चिडतील, खुर्चीवरून उठतील, कोल्हापूरची गाडी किती वाजता आहे विचारतील. त्यांनी ते सावकाश वाचलं, अगदी शिक्क्यांसकट. घडी पुन्हा होती तशी घातली आणि मला परत दिलं.

"हापिसात न्या," म्हणाले. "फायलीला लावा."

मी विचारलं, "कुठल्या फायलीला, साहेब?"

ते दाराबाहेर बघत होते.

"कुठल्याबी," ते म्हणाले.